आयएसओ माउंट केली की ड्राइव्ह लेटर बदलतं – मदत हवी आहे, तातडीचं

जुळारी
नमस्कार. जुने दिवाळी अंक सीडीवर होते, त्यांच्या आयएसओ फायली, म्हणजे पूर्ण सीडीची एका फाइलमधली प्रत, करून घेतल्या आहेत. माउंट केल्यावर, म्हणजे ती फाइल सीडीसारखी उघडल्यावर, ई: ड्राइव्ह यायला हवी. काल आली, आज एफ: आली, मध्ये एकदा जी: सुद्धा. मशीन तेच, फाइल तीच. पेजमेकरला (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फोटो सापडत नाहीत, प्रिंट काढली की फोटो फाटतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लेटर बदललं, टिकत नाही. संपादकांना उद्या संध्याकाळी पानं दाखवायची आहेत. कृपया लवकर सांगा.

सर्व्हररूम
विंडोज कोणती? माउंट कसं करता, डबल क्लिक की वेगळं सॉफ्टवेअर? आणि त्या वेळी मशीनला आणखी काय जोडलेलं असतं?

घाटमाथा
पेजमेकर अजून चालू आहे तुमच्याकडे? 7.0 ही शेवटची मोठी आवृत्ती, 2001 ची. इनडिझाइनवर या, हे सगळे त्रास संपतील.

पिंपळपार
लिनक्समध्ये ड्राइव्ह लेटर हा प्रकारच नाही. आयएसओ उघडली की डिस्कच्या नावाचा फोल्डर मिळतो. मी कधीच सुटलो यातून.

जुळारी
विंडोज 10. डबल क्लिक करते.
घाटमाथा, नवी कामं इनडिझाइनवरच होतात. जुन्या अंकांचा मजकूर नॉन-युनिकोड फॉन्टमधला आहे, दुसरीकडे नेला की ओळी सरकतात आणि सगळं परत वाचावं लागतं. एका रात्रीत ते होणार नाही. प्रश्न फक्त ड्राइव्ह लेटरचा आहे.

सर्व्हररूम
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, नेटवर्क ड्राइव्ह, काही असतं का?

कोरीपाटी
सीडीवरून आयएसओ काढताना कमी वेगाने वाचायला लावा. जुन्या सीडी-आर वरचा रंगाचा थर काळानुसार खराब होतो, कडेचा भाग वाचताना अडचण येते. डिस्क उन्हात ठेवू नका, उभी ठेवा, आणि लेबलवर बॉलपेनने लिहू नका.

जुळारी
कोरीपाटी, आयएसओ तयार आहेत आणि व्यवस्थित उघडतात.
सर्व्हररूम, जाहिरातींचा पेन ड्राइव्ह असतो. पण तो रोजच असतो. सी: आणि डी: हार्ड डिस्कचे. मग ओळीने तिन्ही आयएसओ उघडते.

सर्व्हररूम
तिन्ही? एकदम? हे पहिल्यांदाच कळलं.
विंडोजच्या लेखी माउंट केलेली आयएसओ म्हणजे सीडी ड्राइव्ह. माउंट केली की ती तयार होते, इजेक्ट केली की जाते, आणि येताना साधारणपणे पहिलं रिकामं लेटर घेते. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिलेल्या लेटरवर भरवसा ठेवता येत नाही. पेन ड्राइव्हचं उलटं. या मशीनवर त्याला कोणतं लेटर दिलं होतं, ते विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, माउंटेडडिव्हाइसेस या नोंदीत लिहून ठेवते आणि मोकळं असेल तर तेच परत देते. पेन ड्राइव्ह आधी लागला तर ई: त्याची, आयएसओ एफ: पासून पुढे. तो नंतर लागला तर पहिली आयएसओ ई: होते. रोज असला तरी रोज त्याच क्रमाने लागत नाही.
आता एक सांगा, तिन्ही अंकांच्या फोटोंचे पाथ (फाइल कुठे आहे तो पत्ता) ई: चेच आहेत का?

जुळारी
हो, तिन्हींचे. तेव्हा एकच सीडी ड्राइव्ह होती आणि ती ई: होती.

सर्व्हररूम
मग तिन्ही एका वेळी ई: होणं शक्यच नाही. एका वेळी एकच अंक माउंट करा, काम झालं की इजेक्ट, मग पुढचा.

घाटमाथा
एवढं कशाला? आयएसओमधलं सगळं सी: वर एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि सबस्ट ई: त्या फोल्डरचा पाथ, अशी एक ओळ द्या, तो फोल्डरच ई: ड्राइव्ह म्हणून दिसेल. पेन ड्राइव्हला दुसरं लेटर दिलं की झालं. माझ्याकडे अनेक वर्षं असंच चालू आहे.

सर्व्हररूम
चालतं, पण सबस्ट लॉग-ऑफ केलं की जातं. ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला नेहमीच्या खिडकीत केलेलं सबस्ट दिसतही नाही. पेजमेकर बरेच जण ॲडमिन म्हणून चालवतात, तिथे घोटाळा होईल.

घाटमाथा
स्टार्टअपमध्ये टाकलं की झालं. आणि पेजमेकर ॲडमिन म्हणून चालवायची गरज काय?

जुळारी
ॲडमिन म्हणूनच चालवते, नाहीतर बंद पडतो. आणि मूळ फायली उघड्या फोल्डरमध्ये ठेवायच्या नाहीत. आयएसओवर कोणाला चुकून सेव्ह करता येत नाही, म्हणून तर केल्या. ज्या लेखकांचे ते शेवटचे लेख आहेत, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

सर्व्हररूम
बरोबर आहे, आयएसओच ठेवा. फोनवर मराठी कीबोर्ड आहे, कमांड देवनागरीत लिहितो, तुम्ही इंग्रजीत टाइप करा.
आधी डिस्क मॅनेजमेंटमधून पेन ड्राइव्हला पी: द्या. या मशीनवर ते लक्षात राहील. तिन्ही आयएसओ इजेक्ट करा. मग पॉवरशेल (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडून माउंट-डिस्कइमेज, त्यापुढे -इमेजपाथ आणि फाइलचा पूर्ण पाथ, मग -नोड्राइव्हलेटर आणि -पासथ्रू. हे सगळं पाइप करून (मध्ये | चिन्ह टाकून) गेट-व्हॉल्यूमला द्या आणि युनिकआयडी पाहा. व्हॉल्यूम शब्दापुढे महिरपी कंसात लांब आकडा असलेला पाथ मिळेल. शेवटी माउंटव्हॉल ई: आणि पुढे तो पाथ, अवतरणचिन्हांत. पाथच्या टोकाची तिरकी रेघ गाळू नका, नाहीतर एरर येईल. काढताना डिसमाउंट-डिस्कइमेज आणि तोच इमेजपाथ.

पिंपळपार
एका सीडीसाठी एवढी कसरत! उबंटूत एका ओळीत होतं.

जुळारी
पिंपळपार, तुमच्या उबंटूवर पेजमेकर चालवून दाखवा, मग बोलू.
सर्व्हररूम, झालं! 2005 चा अंक पूर्ण उघडला, प्रिंटही स्वच्छ. पेन ड्राइव्ह आधी लावून पाहिला, नंतर लावून पाहिला, ई: जागची हलली नाही. 2003 च्या अंकात मात्र काही फोटो डी: वर शोधतो आहे. ते फोटो आयएसओत आहेत, वेगळ्या फोल्डरमध्ये.

सर्व्हररूम
ते पान करताना फोटो हार्ड डिस्कवर असणार, सीडीवर नंतर गेले. तिथे लेटरचा उपयोग नाही. फाइल मेनूत लिंक्स मॅनेजर आहे, त्यातून एकेक फोटो नव्या जागेला जोडा आणि पानाची फाइल हार्ड डिस्कवर वेगळ्या नावाने सेव्ह करा.

दोनशेदीडशे
इथेच विचारतो. माझ्याकडे व्हीएचडीएक्सची (व्हर्च्युअल हार्ड डिस्कची फाइल) कॉपी आहे. मूळ फाइल आणि कॉपी दोन्ही माउंट केल्या की दुसरी ऑफलाइन दाखवते. ऑनलाइन केली तर लेटर वेगळं येतं. हेच कारण का?

सर्व्हररूम
नाही. कॉपीची डिस्क सिग्नेचर, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, मूळ फाइलसारखीच असते. दोन सारख्या दिसल्या की विंडोज दुसरी ऑफलाइन ठेवते, आणि ऑनलाइन करताना तिला नवी सिग्नेचर देते. जुनं लेटर जुन्या सिग्नेचरच्या नावावर असतं, म्हणून ते मिळत नाही. दोन्ही एकदम लागत नसतील तर एका वेळी एकच माउंट करा. लागत असतील तर वेगळा धागा काढा, जुळारींना आज पानं पूर्ण करू द्या.

जुळारी
2003 चे चौदा फोटो जोडून झाले, मुखपृष्ठासकट. आता 2006 घेते.