गुटखाबंदी: दरवर्षी नवा आदेश, की विधानसभेचा पक्का कायदा?

वैनगंगा
पूर्व विदर्भात तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. गेल्या आठवड्यात बावीस वर्षांचा मुलगा आला, तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती. दहावीपासून खर्रा खातो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. तंबाखू नसलेली सुपारीही कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं.

आपल्याकडे जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पुढे त्यात मावा आणि खर्राही आला. पण ही बंदी उभी आहे अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३० वर. त्यात अन्न सुरक्षा आयुक्तांना जास्तीत जास्त एक वर्षापुरती बंदी घालता येते. म्हणजे दर वर्षी नवा आदेश काढायचा. इतक्या मोठ्या आजारावर वर्षावर्षाची मुदतवाढ किती दिवस चालवायची? विधानसभेने स्वतःचा कायदा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौकातला
सहमत नाही. माझ्या वडिलांची पानटपरी होती. बंदी आल्यावर माल बंद झाला नाही, फक्त काउंटरवरून खाली गेला. धाड पडली की पकडला जातो टपरीवाला. त्याच्यावर विषप्रयोगाचं कलम ३२८ लागायचं, दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं. ट्रकभर माल आणणारा मात्र आमच्या चौकात कधी कुणी पाहिला नाही. कायदा पक्का केलात तर हप्ताही पक्का होईल.

आणि साधी तंबाखू आजही उघड मिळते. माझी आजी आयुष्यभर मशेरी लावायची. तिच्यासाठी कुठली बंदी होती? कर वाढवा, शाळांमधून सांगा, सोडू पाहणाऱ्याला औषध द्या.

आकडेमोड
बंदीचा उपयोग झाला नाही असं म्हणू नका. केंद्राच्या तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० साली महाराष्ट्रातले ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. हे थोडेथोडके लोक नाहीत.

चौकातला
त्याच सर्वेक्षणात देशाचा आकडा ३४.६ वरून २८.६ वर आला. देशात सहा टक्के घट, आपल्याकडे पाचसुद्धा नाही. मग श्रेय आपल्या बंदीला कसं देता?

आकडेमोड
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. मध्य प्रदेशने आपल्याही आधी, एप्रिल २०१२ मध्ये बंदी आणली आणि पाठोपाठ बहुतेक राज्यांनी. त्यामुळे 'बंदी नसलेला देश' तुलनेला उरतोच कुठे? बंदीने किती कमी झालं आणि इतर कारणांनी किती, हे या दोन आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. मी वर जरा जोरात बोललो, हे मान्य.

मांडवी
गोव्यातून लिहितोय. आमच्या विधानसभेने २००५ मध्येच सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली.

महाराष्ट्राचा त्याआधीचा अनुभवही आठवावा. २००२ मध्ये राज्याने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली पाच वर्षांची बंदी घातली होती. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्या कायद्यात असा अधिकार राज्याच्या अधिकाऱ्याला नसून केंद्राला होता. केंद्राच्या कायद्यातल्या उसन्या अधिकारावर उभं राहिलं की असं होतं. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, तो हक्क वापरावा.

चौकातला
तंबाखूसाठी केंद्राचा २००३ चा कायदा आहे. राज्याने वेगळा केला की कंपन्या पुन्हा कोर्टात, आणि तोवर चौकात तेच चालू.

वैनगंगा
जातील कोर्टात. त्या भीतीने कायदाच करायचा नाही, हे मला पटत नाही. पण टपरीवाल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी विचारात घेतलं नव्हतं. माझ्या दवाखान्यासमोरच्या टपरीवर जो खर्रा घोटून देतो, त्याचंही तोंड नीट उघडत नाही. त्याला तुरुंगात टाकून माझा एकही रुग्ण कमी होणार नाही. शिक्षा माल बनवणाऱ्याला आणि पुरवणाऱ्याला व्हावी, हे कायद्यातच लिहिलेलं हवं. साध्या तंबाखूबद्दलचं तुमचं म्हणणंही खरं आहे, माझ्याकडे मशेरीवाल्या बायका येतात त्या बहुतेक उशिराच.

त्या मुलाला सध्या आइस्क्रीमच्या काड्या दिल्यात. एकीवर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. काल नऊ बसल्या.

चौकातला
पुरवठादाराला धरणारा कायदा असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. मसुद्यात तसं दिसलं तर बोलू. नुसती बंदी असेल, तर मी विरोधातच.