मदत हवी आहे: नॉर्थवेस्टर्नच्या पडत्या काळाचे साक्षीदार शोधतेय

नमस्कार मंडळी. १९८० ते ८३ च्या सुमारास शिकागोजवळच्या इव्हान्स्टनला शिकायला असलेलं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?

माझा मामा तेव्हा नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एम.एस. करत होता. अमेरिकन फुटबॉलचे नियम त्याला तिथे जाऊनच कळले, पण घरच्या सामन्याला शनिवारी डाइक स्टेडियमवर हजर! आणि टीम कुठली, तर १९७९ ते १९८२ मध्ये सलग ३४ सामने हरलेली. १९८१ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या टीमने ६१-१४ असं धुतलं, तो सलग २९वा पराभव.

मग २५ सप्टेंबर १९८२ ला नॉर्दर्न इलिनॉयला ३१-६ हरवलं. पोरांनी गोलपोस्ट उखडून थेट मिशिगन सरोवरात नेऊन टाकले. त्या दिवसाचं तिकीट मामाच्या पाकिटात अजून आहे. घडीवर विरलंय, मागे निळ्या पेनाने ‘३१-६’ लिहिलेलं. १९९५ ला टीम बिग टेन (आसपासच्या मोठ्या विद्यापीठांची स्पर्धा) जिंकून रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला गेली, तेव्हा तो खूप रडला. तरी त्याच्या लेखी ८२ चा तो शनिवारच मोठा.

डिसेंबरात मामाची सत्तरी आहे. त्या काळातले फोटो, सामन्याची पत्रिका, नाहीतर नुसती दोन मिनिटांची बोललेली आठवण, काहीही चालेल. विशेषतः गोलपोस्टमागे सरोवरापर्यंत चालत गेलेलं कुणी भेटलं तर फारच बरं. मामा अर्ध्या वाटेवरून परतला होता, त्याची चुटपुट अजून आहे. कृपया मेसेज करा.