गावच्या घरासाठी नवा एचडी टीव्ही : पडद्याचा आकार, सेट-टॉप बॉक्स, चिऱ्याची भिंत आणि वीज

पायवाट :

नमस्कार. देवरुखजवळच्या आमच्या गावच्या घरी आई-वडिलांसाठी गणपतीपूर्वी नवा टीव्ही घ्यायचा आहे. सध्या तेथे २१ इंची, मागे फुगीर असलेला जुना टीव्ही असून त्याला लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या तारांनी साधा डीटीएच बॉक्स जोडलेला आहे. दोघेही बातम्या, मराठी मालिका आणि अधूनमधून जुने चित्रपट पाहतात. वडिलांना ऐकू थोडे कमी येते, आणि बातम्यांखाली सरकणारी अक्षरे वाचण्यासाठी त्यांना खुर्ची पुढे ओढावी लागते.

घर चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचे आहे. टीव्ही माजघरात राहील आणि बसण्याची जागा भिंतीपासून सुमारे ९ फुटांवर असेल. आई मात्र बाजूच्या झोपाळ्यावर बसून तिरकस पाहते. मोबाइलचे इंटरनेट मिळते, परंतु त्याचा भरवसा नाही. वीज पावसाळ्यात वारंवार जाते आणि परत येताना दिवे क्षणभर फार प्रखर होतात. दुकानदार ४के टीव्हीचा आग्रह करत आहे. मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे की या घरासाठी किती इंची पडदा योग्य होईल, ४केचा येथे खरोखर उपयोग आहे का, जुना बॉक्स चालेल का, आणि भिंत व वीज यांबाबत कोणती काळजी घ्यावी.

तारमाग :

टीव्हीच्या आधी बॉक्सचा विचार करा, कारण तुमच्या घरी चित्राचा दर्जा तिथेच ठरणार आहे. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या प्रक्षेपणात एका चित्रात जास्तीत जास्त ७२० × ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू (पिक्सेल) असतात, फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे जवळजवळ २० लाख ७४ हजार, आणि ४के पडद्यावर त्याच्या चौपट. जुना बॉक्स तसाच ठेवून ४के टीव्ही आणला, तर आलेल्या प्रत्येक बिंदूपासून टीव्हीला अंदाजाने वीस बिंदू तयार करावे लागतील. चेहरे मेणाचे दिसू लागतात आणि अक्षरांच्या कडा विरघळतात, त्याचे कारण बहुतेक घरांत हेच असते. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांतून एचडी चित्र जाऊच शकत नाही, त्यामुळे एचडी बॉक्स आणि चित्र व आवाज एकत्र नेणारी एचडीएमआय तार या दोन्ही गोष्टी लागतील. त्याच कंपनीचा एचडी बॉक्स घेतल्यास छपरावरची डिश बहुतेक वेळा तीच चालते.

आता अंतराचे पाहू. सामान्य दृष्टीचा माणूस कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतके बारीक तपशील वेगळे ओळखू शकतो. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे फुल एचडीमधला एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा झाला, आणि साडेपाच फुटांच्या पलीकडून तो डोळ्यांना सुटा दिसत नाही. साध्या प्रक्षेपणाचा बिंदू याच पडद्यावर इतका मोठा होतो की त्याचा ठोकळेपणा साधारण १५ फुटांपर्यंत जाणवू शकतो. याचा अर्थ असा की तुमच्या ९ फुटांवरून साध्या प्रक्षेपणातून एचडीकडे जाताना पडणारा फरक स्पष्ट दिसेल. एचडीतून ४केकडे जाताना मात्र वडिलांनाच काय, तुम्हालाही तो दिसणार नाही. त्यातही डीटीएचवरच्या एचडी वाहिन्या येतात त्या १०८० ओळींच्याच, सेकंदाला ५० अर्धचित्रांच्या (दर वेळी एकाआड एक ओळींच्या) रूपात. ४के चित्र यायचे तर ते इंटरनेटवरून, आणि त्यासाठी नेटफ्लिक्ससारखी सेवा सेकंदाला १५ मेगाबिटचा स्थिर वेग सांगते, तर फुल एचडीसाठी ५ पुरतात.

तरीही मी ४के घेऊच नका असे म्हणणार नाही. ४३ इंचांत आता चांगला पॅनेल आणि चांगला प्रोसेसर बहुधा ४के मॉडेलांतच मिळतो, म्हणून किमतीतला फरक थोडा असेल तर जरूर घ्या. फक्त एचडी बॉक्स, एचडी वाहिन्यांचे वर्गणीचे पैसे आणि बरा आवाज यांची तरतूद आधी करा, आणि उरलेल्यात ४के बसत असेल तर बसवा. ‘एचडी रेडी’ लिहिलेल्या संचांपासून मात्र दूर राहा, कारण त्यांचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ बिंदूंचा असतो आणि एचडी वाहिनीचे निम्मे तपशील तिथेच गळतात.

झोपाळ्याचा मुद्दा तुम्ही लिहिलात ते फार चांगले केले. पडद्याच्या पॅनेलचे आयपीएस आणि व्हीए असे दोन प्रकार मिळतात. आयपीएस पॅनेल बाजूने पाहिला तरी रंग टिकवून धरतो. व्हीए पॅनेलवर समोरून काळा रंग अधिक गडद दिसतो, पण तिरकस पाहिल्यावर चित्र फिके पडते. दुकानात विक्रेता चकचकीत नमुना-चित्रफीत दाखवेल, ती बंद करायला सांगून डीटीएचवरची बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि झोपाळ्याच्या कोनातून, अगदी बाजूला उभे राहून पाहा. माझ्या मते तुमच्यासाठी ४३ इंची आयपीएस योग्य आहे.

जांभळी माती :

मी संगमेश्वर आणि लांजा भागात घरांचे वायरिंग करतो, त्यामुळे भिंत आणि वीज यांबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे टीव्ही बाहेरच्या भिंतीवर लावू नका. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाच्या झडीची भिंत आषाढ-श्रावणात आतून ओल धरते, आणि टीव्हीच्या पाठीमागे हवा खेळत नसल्याने ती ओल नेमकी सर्किटशेजारी साचून राहते. माजघर आणि ओटी यांच्या मधली आतली भिंत निवडा आणि टीव्हीमागे चार बोटे मोकळी जागा ठेवा. पावसाळ्यात घर बंद राहणार नसेल तर टीव्ही रोज थोडा वेळ चालू राहणे चांगले, कारण त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला दमटपणा निघून जातो.

भिंतीवर टांगायचाच असेल तर कंपनीच्या माणसाला चिऱ्याची कल्पना आधीच द्या. तो विटांच्या भिंतीसाठीचे आखूड प्लास्टिक गिट्टे (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायचे तुकडे) घेऊन येतो, आणि ते जांभ्यात काही महिन्यांत सैल होतात. भोक चिऱ्याच्या मध्यावर पाडावे, सांध्यात कधीही पाडू नये, कारण जुन्या घरांत सांधा मातीचा किंवा चुन्याचा असतो. ड्रिलचा हातोड्याचा ठोका बंद ठेवून नुसते फिरवत भोक पाडले म्हणजे ते मोठे होत नाही. गिट्टे निदान तीन-चार इंची लांब असावेत. त्याहून भक्कम काम हवे असेल तर दोन-तीन चिऱ्यांवर पसरेल अशी जाड सागवानी फळी बोल्टने बसवून तिच्यावर टीव्हीची चौकट लावावी. ४३ इंची टीव्हीचे वजन ८ ते १० किलोच असते, परंतु पुढे ओढता येणारा हात असलेली चौकट बसवली तर तेच वजन भिंतीला उपटण्याचे काम करते, म्हणून ती टाळा. खरे सांगायचे तर जुन्या चिऱ्याच्या घरात मी भक्कम टेबलाचाच सल्ला देतो. फक्त टीव्हीचे दोन पाय दोन्ही टोकांना असतात, तेव्हा त्यांच्यातले अंतर मोजूनच टेबल करून घ्या.

टांगा किंवा ठेवा, उंची चुकवू नका. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १०० ते ११० सेंटिमीटरवर असतात आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा, म्हणजे ४३ इंची पडद्याची खालची कड ८० सेंटिमीटरच्या जवळपास येते. बहुतेक घरांत टीव्ही देवाच्या तसबिरीइतका उंच लावलेला असतो आणि म्हाताऱ्या माणसांच्या माना दुखतात.

विजेबाबत टीव्हीच्या पाठीवरचा शिक्का वाचा. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल तर कमी दाबासाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. धोका आहे तो वीज परत येतानाच्या झटक्याचा. तुम्ही लिहिलेले दिवे प्रखर होण्याचे लक्षण न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल असल्याचेही असू शकते, म्हणून टीव्ही आणण्यापूर्वी वायरमनकडून मीटरपासूनचे जोड आणि अर्थिंग तपासून घ्या. असा झटका अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर लावावा, पण अर्थिंग नीट नसेल तर तो बव्हंशी शोभेचा राहतो, कारण झटका जमिनीत सोडायला त्याला वाटच मिळत नाही.

वैशाख-ज्येष्ठातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जवळ पडतात. तेव्हा बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा आणि छपरावरून येणारी डिशची तारही बॉक्समधून सोडवावी, परंतु हे गडगडाट सुरू होण्यापूर्वी करावे. कडकडाट डोक्यावर आल्यानंतर त्या तारेला हात लावू नये. मी पाहिलेल्या जळालेल्या टीव्हींपैकी पुष्कळांत झटका याच तारेतून, एचडीएमआयच्या वाटेने आत शिरला होता.

दीपमाळ :

तारमाग यांचे गणित मला मान्य आहे, परंतु ४३ इंचांवर थांबण्याशी मी सहमत नाही. प्रश्न वडिलांनी अक्षरे वाचण्याचा आहे. ५५ इंची पडद्यावर तीच अक्षरे ४३ इंचीच्या तुलनेत सव्वापटीहून थोडी अधिक मोठी होतात, आणि ९ फुटांवरून ५५ इंची पडदा डोळ्यांना मुळीच जड होत नाही. तेवढ्या पडद्यावरही फुल एचडीचा बिंदू सुमारे ७ फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे मोठा पडदा पूर्वीइतका आवाक्याबाहेर राहिलेला नाही. भिंतीवर जागा आणि खिशात पैसे असतील तर मी ५० किंवा ५५ घेईन.

पायवाट :

सर्वांचे मनापासून आभार. अक्षरांचा मुद्दा पटल्यामुळे ५० इंची घेण्याचे आणि तो आतल्या भिंतीशी टेबलावर ठेवण्याचे ठरवले आहे. वायरमनलाही बोलावले आहे. आता पहिल्या दिवशी टीव्हीत कोणती सेटिंग करावी आणि वडिलांना आवाज स्पष्ट यावा यासाठी काय करावे, एवढे सांगावे.

तारमाग :

५० इंची चांगला मध्य आहे. खोके गाडीतून उभेच न्या, आडवे ठेवू नका, आणि उघडताना चित्रीकरण करा, कारण वाहतुकीत तडकलेला पॅनेल वॉरंटीत बसत नाही आणि तक्रार करायला पुरावा लागतो.

सुरुवातीला टीव्ही ‘होम’ की ‘शॉप’ असे विचारेल, तेथे होम निवडा. चित्रासाठी ‘व्हिविड’ऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ घ्या, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर जुने चित्रपट मालिकेसारखे दिसू लागतात. बॅकलाइट (पडद्यामागचा प्रकाश) पूर्ण न ठेवता खोलीला पुरेल इतका ठेवा, म्हणजे आतल्या एलईडी पट्ट्याही अधिक टिकतील. चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडले नाही तर कडा कापल्या जातात, आणि त्यात वडिलांची बातमीपट्टीच अर्धी जाते. जुने चौकोनी चित्रपट ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या.

बॉक्सच्या स्वतःच्या मेनूत जाऊन तेथील चित्र १०८०वर ठेवा, कारण काही बॉक्स मुळात ५७६वर लावलेले असतात. दुसरी गोष्ट सर्वांत जास्त घरांत राहून जाते : एचडी वाहिनीचा क्रमांक वेगळा असतो. झी मराठी किंवा स्टार प्रवाहचा वर्षानुवर्षे पाठ असलेला क्रमांक दाबला की साधी आवृत्तीच लागते आणि नवा टीव्ही धूसर आहे अशी तक्रार येते. एचडी वाहिन्या पॅकमध्ये घेतल्यावर त्यांचे क्रमांक आवडत्या वाहिन्यांच्या यादीत भरा आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रिमोटच्या जागेजवळ चिकटवा.

आवाजाबाबत, पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात, म्हणून संवाद दबतात. प्रथम आवाजाचा ‘स्पीच’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’ प्रकार लावून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर लहान साउंडबार घ्या, तो ‘एआरसी’ लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) एचडीएमआय छिद्रात जोडा आणि टीव्हीच्या मेनूतील सीईसी (एकाच रिमोटने जोडलेली उपकरणे चालवण्याची सोय) चालू करा, म्हणजे साउंडबारसाठी वडिलांना दुसरा रिमोट हाताळावा लागणार नाही.