मदत हवी आहे : चिलापी माशासाठी अल्ट्रालाइट रॉड निवडताना

सप्रेम नमस्कार. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, मी 7 फुटी मीडियम रॉडने मरळीसाठी गळ टाकतो. मात्र 2 ग्रॅमचे जिगहेड (डोक्याशी शिशाचे वजन असलेला गळ) लावले की हा रॉड वाकतच नाही, आमिष जेमतेम दहा-बारा हातांवर पडते आणि चिलापीने ते तोंडात घेऊन थुंकल्याचे हाताला कळतसुद्धा नाही. म्हणून 1 ते 5 ग्रॅम आमिषासाठीचा, साधारण 6 फुटी अल्ट्रालाइट रॉड 1000 आकाराच्या, म्हणजे लहान, स्पिनिंग रीळसह (दोरी गुंडाळायचे चाक) घेण्याचा विचार आहे.

अडचण रॉडच्या शेंड्याची आहे : तो भरीव घ्यावा की पोकळ? भरीव शेंडा मऊ असल्याने मासा आमिष चटकन सोडत नाही, तर पोकळ शेंड्यातून तळाचा खडा आणि माशाचा टोचा वेगवेगळे जाणवतात. काठालगत बुडालेल्या बाभळींमुळे मासा लगेच वळवावा लागतो, त्यामुळे मन तुलनेने ताठ अशा पोकळ शेंड्याकडे झुकते. (एखादी जोरकस मरळ लागलीच, तर एवढी बारीक दोरी तुटणार हे उघडच आहे.) 4 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि फ्लुरोकार्बन लीडर (गळाजवळचा पारदर्शक दोरीचा तुकडा) यांसह दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी, चार हजार रुपयांच्या आत कोणता रॉड घ्यावा, हे कृपया कारणासह सांगावे.