खानदेशातून तंत्रज्ञान-बातम्यांचा मराठी पॉडकास्ट : ऐकणार कोण आणि कधी?

तापीकाठ (जळगाव), धागाकर्ता

आम्ही दोघे मित्र येत्या दिवाळीपासून तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा मराठी पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा ध्वनिकार्यक्रम, सुरू करण्याच्या विचारात आहोत. दर रविवारी पहाटे वीस मिनिटांचा एक भाग, त्यात चार-पाच बातम्या आणि त्यांपैकी एकीचा सविस्तर उलगडा, एवढाच आराखडा आहे. मराठीत तंत्रज्ञानावर बोलणारे कमी नाहीत. पण बहुतेकांची धाव नव्या मोबाइलचा कॅमेरा आणि किंमत इथपर्यंतच असते, आणि जे त्यापुढे जातात त्यांचा श्रोता पुण्या-मुंबईचा नोकरदार आहे हे त्यांच्या उदाहरणांवरूनच कळते. रावेर-यावलच्या केळी-उत्पादकाला हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळते, ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदवलेल्या तापमानावरून. ते केंद्र तापमान कसे मोजते, नोंद कोठे पाठवते, यंत्र बंद पडल्यास काय होते, ही आमच्या दृष्टीने तंत्रज्ञानाचीच बातमी आहे. ई-पीक पाहणीचे ॲप २०२१ मध्ये आले आणि सात-बाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडले. ॲपची आवृत्ती बदलली की गावोगावी उडणारा गोंधळ आपण सगळे पाहतो. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी वाटले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, हे येथे वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा माध्यमाचा. आम्ही व्हिडिओ करणार नाही. डोळे आणि हात कामात गुंतलेले असताना कान मोकळे असतात, आणि तोच वेळ आम्हाला हवा आहे: सराफ बाजारातला कारागीर, शिलाई यंत्रावर बसलेली बाई, जळगावहून पारोळ्याकडे माल घेऊन निघालेला टेम्पोचालक. मते कळवावीत, विरोधी मते विशेषकरून.

भुसावळकर

विरोधी मत मागितले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही ज्या श्रोत्याची कल्पना करीत आहात, तो मला तरी रोजच्या गाडीत भेटलेला नाही. भुसावळ-जळगाव ये-जा करणाऱ्यांच्या डब्यात प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, आणि प्रत्येक जण पाहत असतो. ऐकण्याची सवय रेडिओबरोबर गेली. २०१६ साली स्वस्त डेटा आल्यावर ज्यांनी पहिल्यांदा इंटरनेट वापरले, त्यांनी थेट व्हिडिओपासूनच सुरुवात केली. त्यांना आता आवाजाकडे वळवणे म्हणजे उतरत्या पाण्याला चढ दाखवणे.

शिवाय तंत्रज्ञानाची माहिती दाखवावी लागते. अमुक सेटिंग उघडा, मग तमुक पर्यायावर बोट ठेवा, हे टेम्पो चालवणाऱ्याने कानाने ऐकून करायचे आहे काय? आणि सोमवारी घडलेली घटना तुम्ही रविवारी सांगणार. तोवर ती चार व्हॉट्सॲप गटांतून फिरून शिळी झालेली असेल. त्याला बातमी म्हणू नये, असे माझे मत आहे.

केळीबाग (सावदा)

भुसावळकर, गाडीचा डबा म्हणजे खानदेश नव्हे. शेतीपंपाची वीज आमच्याकडे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की बागेत जाणारा माणूस मोबाइल शर्टाच्या खिशात, स्पीकर वर करून ठेवतो. एक तर सोबत होते, आणि रानडुकरांनाही माणसाची चाहूल लागते. ठिबकच्या नळ्या तपासताना, फिल्टर धुताना पडद्याकडे पाहणार कोण? त्या वेळी कीर्तन चालू असते, जुनी गाणी असतात, कोणाची तरी मुलाखत असते. म्हणजे ऐकण्याची सवय गेलेली नाही. ऐकण्यासारखे मिळाले की माणसे ऐकतात. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची सवय असलेली पिढीही अजून शेतात आहे.

मात्र धागाकर्त्यांना एक सूचना. खिशातल्या स्पीकरमधून आवाज कापडाआडून येतो आणि शेजारी मोटार चालू असते. तुम्ही निवेदनामागे सतत संगीत वाजवत ठेवाल, तर शब्द कळणार नाहीत. हेडफोन लावून ध्वनिमुद्रण तपासू नका. मोबाइल खिशात घाला, पंख्याखाली उभे राहा आणि मग ऐका.

पांझरा (धुळे)

मी वृत्तपत्राच्या कचेरीत उपसंपादक होतो, आता निवृत्त आहे. माझा आक्षेप भुसावळकरांच्या आक्षेपाहून वेगळा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो.

धागाकर्त्यांनी भाग कसा पोहोचवणार हे लिहिलेले नाही. पॉडकास्टची मूळ रचना अशी की भागाची नोंद एका फीडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या यादीत, होते, आणि श्रोत्याचे ॲप ती फीड वाचून भाग आपणहून उतरवून घेते. ही व्यवस्था चांगली आहे, कारण एखादी चूक झाली तर मूळ ध्वनिफीत बदलता येते. परंतु आपल्या भागात ॲप घेऊन, शोध घेऊन, सदस्य होऊन ऐकणारे किती निघतील? गूगलचे पॉडकास्टचे स्वतंत्र ॲप होते, तेही २०२४ मध्ये बंद झाले. तेव्हा तुमचा कार्यक्रम फिरणार तो व्हॉट्सॲपवर, ध्वनिफितीच्या रूपाने. एकदा फीत गटांमध्ये गेली की ती तुमची राहत नाही.

वृत्तपत्रात चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो आणि मूळ अंकावर निदान तारीख असते. सहा महिन्यांपूर्वीची ध्वनिफीत मात्र ताजी असल्यासारखीच ऐकू येते. “आजपासून अमुक ॲप बंद होणार आहे” हे तुमचे वाक्य पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या आजीच्या मोबाइलवर पोहोचेल, तेव्हा ती आपले खाते उगाचच बंद करून बसेल. एखाद्याने मधली चाळीस सेकंदे कापून पुढे पाठवली, तर संदर्भही गेला. फसवणुकीच्या बातम्यांत हा धोका सर्वाधिक आहे, कारण त्या घाबरून पुढे पाठवल्या जातात. छापील मजकुरावर लोक संशय घेतात, निदान घ्यायला लागले आहेत; ओळखीच्या आवाजावर घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यांना फक्त आकाशवाणीचे बातमीपत्र पुन्हा प्रक्षेपित करता येते. पॉडकास्टवर तो निर्बंध नसल्यामुळे खोलीत माइक लावून बसलेला कोणीही वार्ताहर होतो. तुमच्याकडे मजकूर तपासणारा तिसरा माणूस आहे का?

तापीकाठ (जळगाव), धागाकर्ता

पांझरा यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. व्हॉट्सॲपवर फीत जाणार हे आम्ही गृहीतच धरले आहे. एका वाहिनीत (मोनो) वीस मिनिटांचे साधे निवेदन सेकंदाला ६४ किलोबिट या दराने साठवले, तर फाइल सुमारे १० एमबीची होते, आणि रेंज अडखळत असली तरी ती उतरते. तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ त्याच्या कित्येक पट जड असतो. पण तारखेचा प्रश्न आम्ही केवळ फाइलच्या नावात सोडवला होता, आणि पुढे पाठवताना फाइलच्या नावाकडे कोणी पाहत नाही. यापुढे संहितेत “आज”, “काल”, “नुकतेच” हे शब्द येणार नाहीत. प्रत्येक बातमी आपली तारीख वाक्यातच घेऊन येईल, म्हणजे तुकडा कापला तरी तारीख त्याच्याबरोबर जाईल. मागच्या भागातल्या चुकीची दुरुस्ती शेवटी न सांगता पहिल्या मिनिटात सांगू. तिसऱ्या माणसाचा शोध घेतो.

भुसावळकरांशी मात्र सहमत होता येत नाही. बातमी शिळी होते ती घटना सांगण्यापुरती. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, हे सोमवारी सांगितले काय आणि रविवारी सांगितले काय, त्याची गरज तेवढीच राहते. उलट चार दिवस थांबल्याने सोमवारची अफवा कोणती आणि बातमी कोणती हे शुक्रवारपर्यंत कळते. सेटिंग कसे बदलावे हे आम्ही सांगणारच नाही. ते का बदलावे, हे सांगू.

सातपुडा (नंदुरबार)

मी शिक्षिका आहे. टेंभलीचा उल्लेख वाचून बरे वाटले, आणि थोडा रागही आला. नंदुरबारचे नाव पहिल्या आधारासाठी घेतले जाते. पण अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर अंगठ्याची पडताळणी होत नाही किंवा रेंजअभावी यंत्र चालत नाही म्हणून रेशन दुकानासमोर ताटकळणाऱ्यांची बातमी कोण करतो? ती तुम्ही करणार असाल, तर कोणत्या बोलीत? तुमचे प्रमाण मराठी सावद्याला चालेल. आमच्याकडे घरात भिली, पावरी बोलतात. साक्री-शिरपूरच्या पट्ट्यात अहिराणी चालते. “खानदेशातून” असे म्हणायचे आणि खानदेशाच्या बोली वगळायच्या, हे मला पटत नाही. आवाजाच्या माध्यमाचा सर्वांत मोठा फायदा हाच की लिहिता-वाचता न येणाराही ऐकू शकतो. त्याच्यासाठीच तुम्ही दार बंद ठेवत आहात.

केळीबाग (सावदा)

ताई, बातमी प्रमाण मराठीत आणि मुलाखत माणसाच्या बोलीत, असे करता येईल. रेशन दुकानदार अहिराणीत बोलला तर सगळ्या खानदेशाला कळते. त्याचे मराठी करून सांगण्याची गरज नाही.

सातपुडा (नंदुरबार)

अहिराणीपुरते ते ठीक आहे. पावरीचे काय, हा प्रश्न राहतोच.

मूळचा चोपड्याचा (पुणे)

मी ध्वनी-जाहिरातींच्या क्षेत्रात काम करतो. पैशांविषयी कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. सुरुवातीला डाउनलोडचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका. डाउनलोड म्हणजे फाइल मागवली गेली, एवढेच. ऐकली गेली असे नव्हे. २०२३ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीत भाग आपोआप उतरवण्याची पद्धत बदलली, तेव्हा भल्या भल्या कार्यक्रमांचे आकडे घसरले, श्रोते मात्र होते तेवढेच होते. तुमची अडचण नेमकी उलटी आहे: व्हॉट्सॲपवर फिरलेली फीत कोणत्याच मोजणीत येणार नाही. जाहिरातदार पुरावा मागेल आणि तुमच्याकडे तो नसेल. तेव्हा पहिले वर्ष मोठ्या जाहिरातदाराच्या मागे न लागता, ठिबक संचाचा विक्रेता किंवा मोबाइल दुरुस्तीचे दुकान असा स्थानिक प्रायोजक शोधा. त्याला आकडे नको असतात, गिऱ्हाईक तुमचे नाव सांगत आले की पुरते. फक्त त्याच्या मालाची बातमी करू नका.

भुसावळकर

पैशांचा मुद्दा योग्य आहे, आणि त्यामुळे माझे मत अधिकच पक्के झाले. व्हिडिओवर निदान किती मिनिटे पाहिले गेले ते कळते. धागाकर्त्यांनी ध्वनिफीत करावीच. पण तोच आवाज एका स्थिर चित्रावर चढवून यूट्यूबवरही ठेवावा, आणि चित्रावर भागाची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. पांझरांचा प्रश्नही अर्धा सुटेल.

तापीकाठ (जळगाव), धागाकर्ता

स्थिर चित्राची सूचना स्वीकारली. तो व्हिडिओ आहे असे मात्र आम्ही कबूल करणार नाही. पावरी बोलणारा, आठवड्याला दोन तास देऊ शकणारा कोणी सातपुडाताईंच्या ओळखीत असल्यास कळवावे. पहिला भाग रेशन दुकानाच्या यंत्रावरच करू.

सातपुडा (नंदुरबार)

आहेत दोघी जणी. मानधन किती, ते आधी लिहा.