मदत हवी आहे: न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांत नेमका फरक कोणता?

नमस्कार. बारावीत शिकणाऱ्या भाचीच्या एका प्रश्नात मी आठवडाभर अडकलो आहे. जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसूनही त्याचा प्रतिकण वेगळा असतो हे तिला पटले, कारण न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाउन क्वार्क असतात, तर प्रतिन्यूट्रॉनमध्ये त्यांचे प्रतिक्वार्क. त्यावर तिने लगेच विचारले, "मग न्यूट्रिनोच्या पोटात काय असते?" तो मूलकणच असल्याने पोटात काही नाही आणि विद्युतभारही नाही, मग उलट व्हायचे ते कशाचे?

पुस्तकी उत्तर मला ठाऊक आहे. बीटा ऱ्हासात एका डाउन क्वार्कचा अप क्वार्क होतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन बनतो, आणि लेप्टॉन अंकाची (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांना +१ आणि त्यांच्या प्रतिकणांना −१ धरून केलेल्या मोजणीची) बेरीज शून्यच राहावी म्हणून इलेक्ट्रॉनसोबत सुटणाऱ्या कणाला प्रतिन्यूट्रिनो म्हणायचे. हा निव्वळ जमाखर्च वाटतो. (अर्थात १९३० साली पाउली यांनी हा कणही ऊर्जेचा हिशेब जुळावा म्हणूनच कल्पिला होता आणि तो खरा निघाला; तेव्हा जमाखर्चाला हसण्याची माझी प्राज्ञा नाही.)

प्रयोगांकडे वळलो, तर रेमंड डेव्हिस यांना अमेरिकेतील सॅव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ ठेवलेल्या द्रवात, न्यूट्रिनो आदळल्यास व्हायला हवे तसे, क्लोरीन-३७ चे आरगॉन-३७ झालेले आढळले नाही. तेथेच राइनेस आणि कोवन यांना १९५६ मध्ये प्रोटॉनवर आदळणारे प्रतिन्यूट्रिनो सापडले, आणि क्लोरीनच्याच पद्धतीने डेव्हिस यांनी पुढे होमस्टेक खाणीत सूर्याचे न्यूट्रिनो टिपले. म्हणजे पद्धतीत खोट नव्हती. अणुभट्टीतून येणारे कणच वेगळे वागत होते.

माझी अडचण इथे सुरू होते. गतीच्या दिशेच्या तुलनेत न्यूट्रिनोचे परिवलन (स्पिन) डावे आणि प्रतिन्यूट्रिनोचे उजवे असते, एवढ्यानेही डेव्हिस यांचे निरीक्षण समजू शकते. पण जपानमधील सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो-शोधक यंत्रणेच्या १९९८ मधील निष्कर्षांनंतर न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे मान्य झाले. मग तो प्रकाशापेक्षा हळू जाणार, आणि त्याला मागे टाकणाऱ्या निरीक्षकाला त्याच्या गतीची दिशा उलटी, परिवलन मात्र तसेच, म्हणजे डाव्याचे उजवे झालेले दिसणार. त्या निरीक्षकाने त्याला प्रतिन्यूट्रिनो म्हणायचे का?

परिवलनाची दिशा बाजूला ठेवली, तर लेप्टॉन अंक खरोखर जपला जातो याचा स्वतंत्र पुरावा आहे का? न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास (दोन न्यूट्रॉनांचे एकदम प्रोटॉन होऊन दोन इलेक्ट्रॉन सुटणे, पण प्रतिन्यूट्रिनो एकही नाही, म्हणजे लेप्टॉन अंक मोडणे) अजून निर्विवादपणे दिसलेला नाही; त्यावरून दोन्ही कण एकच असल्याची मायोराना यांची १९३७ मधील कल्पना बाद होते, की वस्तुमान अत्यल्प असल्यामुळे तो ऱ्हासच अतिदुर्मीळ ठरतो? समीकरणे दिलीत तरी चालतील. भाचीला समजेल अशा भाषेत ती उतरवण्याचे काम माझे.