मदत हवी आहे: निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचंय, पुण्यातून तयारी कशी करावी?

पर्वती_पायथा:
नमस्कार मंडळी. वय ६७, पत्नी ६३, राहणार सहकारनगर. पेन्शन महिना ५८ हजार, बाकी मुदत ठेवी. चिआंग माईला दोन-तीन वर्षं राहायचा विचार आहे, इथलं घर ठेवूनच. निवृत्तांसाठीच्या दोन व्हिसांपैकी ‘ओ-ए’ घ्यावा की साधा ‘ओ’? व्हिसासाठी दाखवायचे ८ लाख बाट कुठे आणि किती दिवस ठेवायचे? इथल्या खात्यांचं काय होतं? एजंट थेट पॅकेजचा आकडा सांगतात, कारण कुणीच सांगत नाही.

तळजाई_टेकडी:
काका, आधी आरोग्यविम्याचं बघा, व्हिसाचा प्रकार त्यावरच ठरतो.

‘ओ-ए’ इथूनच काढायचा असतो. अर्ज थाई ई-व्हिसा पोर्टलवर, महाराष्ट्रासाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास. ८ लाख बाट, म्हणजे साधारण २२ लाख रुपये, भारतातल्या बँकेत दाखवले तरी चालतात. सोबत पोलिस क्लिअरन्स, वैद्यकीय दाखला (कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नसल्याचा) आणि किमान ३० लाख बाट संरक्षणाचा विमा. भारतातली नेहमीची मेडिक्लेम इथे उपयोगाची नाही. सदुसष्टाव्या वर्षी नवा विमा महाग पडतो, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नकारही येतो. शिवाय विमा जितके दिवस शिल्लक, तितकेच दिवस राहण्याचा शिक्का मिळतो, आणि पुढे दर वर्षी मुदत वाढवतानाही विमा लागतोच.

साध्या ‘ओ’ला ही विम्याची अट नाही. ९० दिवसांचा प्रवेश मिळतो, मग तिथल्या इमिग्रेशन कचेरीत १,९०० बाट भरून वर्षाची मुदतवाढ घ्यायची. तुमच्या वयाला मी हाच मार्ग सुचवेन. मात्र यात पैसे थाई बँकेतच लागतात.

कर्वेरोड_७७:
बहुतेकांचं अडतं ते तारखांवर. पहिल्या मुदतवाढीच्या अर्जाआधी ८ लाख बाट २ महिने खात्यात पडून असले पाहिजेत. मुदतवाढ मिळाल्यावर पुढचे ३ महिने त्यातला एक बाटही काढायचा नाही. नंतर ४ लाखांपर्यंत उतरता येतं, पण पुढच्या वर्षीच्या अर्जाच्या २ महिने आधी रक्कम पुन्हा ८ लाख झालेली हवी. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज परत येतो.

आता ९० दिवसांचा हिशोब मांडा. त्यातले ६० पैसे मुरायला गेले, म्हणजे उतरल्यापासून महिन्याच्या आत रक्कम खात्यात दिसायला हवी. खातं उघडायलाच आठवडा-दोन आठवडे जातात, कारण घराचा भाडेकरार किंवा इमिग्रेशनचा राहण्याचा दाखला मागतात, आणि एक शाखा नाही म्हणाली तर दुसऱ्या शाखेत जावं लागतं. म्हणून इथल्या बँकेत पैसे पाठवण्याची कागदपत्रं निघण्याआधीच तयार ठेवा. खातं एकट्याच्या नावावर उघडा. पैसे परदेशातून आल्याची नोंद असलेलं बँकेचं पत्र जपून ठेवा.

८ लाखांऐवजी महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवायचा पर्याय तुम्हाला लागू नाही. ५८ हजार रुपये त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतात.

आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. २२ लाख एकदम पाठवले तर २ लाख ४० हजार अडकतात. विवरणपत्र भरल्यावर ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हाताशी नसतात. मार्चअखेर एक हप्ता आणि एप्रिलच्या सुरुवातीला दुसरा, असं जमलं तर बोजा बराच हलका होतो. त्यासाठी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिथे पोचा.

पर्वती_पायथा:
फार उपयोगी. पत्नीसाठी वेगळे ८ लाख लागतील का?

कर्वेरोड_७७:
नाही. काकूंना तुमच्यावर अवलंबून म्हणून मुदतवाढ मिळते, पण त्यासाठी लग्नाचा दाखला हवा. मनपाकडे नोंदणी झालेली नसेल तर ती आजच सुरू करा. त्यावर राज्य शासनाची, मग परराष्ट्र मंत्रालयाची आणि शेवटी थाई दूतावासाची मोहोर, असा क्रम आहे. सगळ्या कागदांत जास्त वेळ यालाच लागतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, विशेषतः काकूंचं मधलं नाव.

सदाशिव_हिशोबनीस:
भारताच्या बाजूचं सांगतो. मुक्काम अनिश्चित काळाचा असेल तर फेमा म्हणजे परकीय चलन कायद्यानुसार तुम्ही अनिवासी, आणि बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यातच जमा होत राहते. पण टीडीएस टाळण्यासाठी ज्येष्ठ नागरिक देतात तो १५एच फॉर्म बंद, ठेवींच्या व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, वाढवता येत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो. तो ऑनलाइन देणाऱ्या जीवन प्रमाणची चेहरा-ओळख निघण्याआधी एकदा करून बघा.

थायलंडमध्ये कॅलेंडर वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले करनिवासी झालात. २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर आहे, मात्र १ जानेवारी २०२४ पूर्वीच्या बचतीवर नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी बँकेची शिक्क्याची स्टेटमेंटं आत्ताच काढून घ्या, आणि ते ८ लाख बाट त्याच ठेवींतून पाठवा.

तळजाई_टेकडी:
तिथे गेल्यावरचं थोडं. घरमालकाने २४ तासांत टीएम-३० नोंद (परदेशी माणूस घरात राहतोय, ही इमिग्रेशनकडची नोंद) करायची असते; तो टाळाटाळ करत असेल तर ते घरच नको, मुदतवाढीला ती नोंद मागतात. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत, फी नाही. आणि गणपतीला पुण्याला यायचं असेल तर विमानात बसण्याआधी री-एंट्री परमिट (परत येण्याची परवानगी) घ्या: एकदाचं १,००० बाट, अनेकदाचं ३,८००. ते न घेता देश सोडला की वर्षाची मुदतवाढ तिथेच रद्द होते.

चिआंग माईबद्दल एक विनंती. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर तिथे दाटतो, श्वासाचा त्रास असणाऱ्यांना तो सोसत नाही. मार्चमध्ये पोचणार असाल तर पहिले तीन महिने हुआ हिनला, त्या समुद्रकाठच्या गावी, भाड्याने घर बघा. पण मुदतवाढीचा अर्ज त्या पत्त्याच्या कचेरीतच करावा लागतो, तेव्हा अर्ज मंजूर होईपर्यंत पत्ता बदलू नका.